खोट्या नाण्यांची ओळख : प्रस्तावना

जुनी नाणी जमवणाऱ्याकडे ओळखीपाळखीतून जी नाणी पारखायला येतात, त्यांत एक हमखास असतं. तांब्याचं किंवा पितळेचं, हाताला चांगलं जड. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी हनुमान. दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरांत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, एक आणा किंवा अर्धा आणा आणि १८१८ हे साल. आणणारा ते रुमालाच्या घडीतून, पुष्कळदा देव्हाऱ्यातूनच काढून आणतो. आजोबांच्या पेटीत निघालं, अमक्याने त्याचे दोन लाख सांगितले, तुम्ही काय म्हणता, असा एकूण सूर असतो.

हे नाणं कंपनीने कधीही पाडलेलं नाही. ते ओळखायला भिंगाची गरज नाही, इतिहास पुरतो. १८१७ च्या अखेरीस पुणं कंपनीच्या ताब्यात गेलं आणि १८१८ साली पेशवाई बुडाली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण त्यानंतरही पुण्याच्या बाजारात चालत होता तो अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया, आणि कंपनीच्या अमलातही तो पुढे काही वर्षं पाडला जात राहिला. त्याच सुमारास बंगालमध्ये कंपनीचा रुपया निघत होता तो शाह आलम बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत, बादशहा १८०६ मध्ये वारलेला असूनही. मुंबई इलाख्यातल्या कंपनीच्या तांब्याच्या नाण्यांवर गाठोड्याची व्यापारी खूण आणि तराजू दिसतो. सगळ्या मुलखाला एकच नाणं असावं हे ठरलं १८३५ च्या कायद्याने, आणि त्या नाण्यावर चेहरा आला तो चौथ्या विल्यम राजाचा. कंपनीला हिंदू देवतांचं वावडं होतं असंही नाही. मद्रासकडे तिने विष्णूची आकृती असलेले सोन्याचे पॅगोडा पाडले. पण इंग्रजी मजकूर आणि राम-लक्ष्मण-सीता यांची अशी जोडी तिच्या कुठल्याही टांकसाळीतून बाहेर पडलेली नाही. या चकतीच्या काही आवृत्त्यांवर तर १६१६ हे साल असतं. त्या वर्षी इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगिराच्या दरबारात कंपनीच्या सवलतींसाठी खटपट करत होता, आणि मुंबई बेट कंपनीच्या हाती यायला अजून बावन्न वर्षं होती.

या चकत्यांचं मूळ शोधायला गेलं तर ते एका सात्त्विक परंपरेत सापडतं. रामटंका नावाचे देवपूजेचे टाक आपल्याकडे कित्येक पिढ्या बनत आले आहेत. ते देवळात मिळत, देव्हाऱ्यात ठेवले जात, लग्नकार्यात भेट दिले जात. ते चलन नव्हतं आणि चलन असल्याचा दावाही कुणी करत नव्हतं. त्याच चित्राला कुणीतरी कंपनीचं नाव आणि एक जुनं साल जोडलं, आणि श्रद्धेची वस्तू फसवणुकीचं साधन झाली. पुढे त्याच्यावर ‘राईस पुलिंग’ची कथा चढली. या नाण्यात म्हणे इरिडियम असतं, ते तांदळाचे दाणे ओढून घेतं आणि परदेशी संशोधन संस्था त्याला कोट्यवधी मोजतात. असल्या नाण्याच्या ‘तपासणी’साठी आगाऊ पैसे भरून माणसं बुडाली आहेत, आणि अनेक राज्यांत त्याबद्दल गुन्हे दाखल झाले आहेत. इरिडियम तांदूळ ओढत नाही. कुठलाच धातू ओढत नाही.

हे पुस्तक लिहायला घेतलं त्यामागे ही फसवणूक आहेच, पण तेवढीच नाही. खोट्या नाण्याने एखाद्याचे पैसे बुडाले तर ते नुकसान त्याच्यापुरतं असतं. खोटं नाणं खरं म्हणून संग्रहात बसलं, त्याचं छायाचित्र सूचीत छापलं गेलं, त्यावरून कुणी लेख लिहिला, तर नुकसान इतिहासाचं होतं, आणि ते भरून काढायला पिढी जावी लागते. मला जास्त चिंता या दुसऱ्या नुकसानीची वाटते.

नाण्यावर इतिहासाचा केवढा भार असतो याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे जोगलटेंभीचा साठा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या या गावी चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. ती क्षहरात क्षत्रप नहपान याची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारले होते. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा चैत्य, मागच्या बाजूला उज्जैनचं चिन्ह, आणि त्याखालून अजून डोकावणारी जुनी अक्षरं. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूल केला असं ती आई त्यात सांगते. शिलालेखातली प्रशस्ती किती खरी मानायची, हा प्रश्न इतिहासात नेहमी येतो. इथे हजारो नाण्यांनी साक्ष दिली. हरलेल्या राजाचा खजिना जिंकलेल्या राजाने आपल्या नावाने चालवला, हे चांदीवरच लिहिलेलं मिळालं. आता कल्पना करा की अशा साठ्यात कुणी दहा बनावट नाणी मिसळली, आणि त्यांवर कुठे कधी न झालेल्या राजाचं नाव आहे. भारताच्या वायव्येकडे राज्य केलेल्या तीसहून अधिक यवन, म्हणजे ग्रीक, राजांपैकी बहुतेकांची माहिती आपल्याला नाण्यांवरूनच आहे. तिथे एक खोटं नाणं म्हणजे एक खोटा राजा.

जेम्स प्रिन्सेपचं नाव ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून आपल्याला ठाऊक असतं. पण त्याची नोकरी होती बनारसच्या आणि पुढे कलकत्त्याच्या टांकसाळीत, धातूचा कस तपासणारा अधिकारी म्हणून. दिवसभर चांदी तोलणाऱ्या या माणसाच्या हातात यवन राजांची द्विभाषिक नाणी आली. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. त्या जोडीच्या आधाराने खरोष्ठीची अक्षरं उलगडत गेली. नाण्याचा कस आणि नाण्याची अक्षरं ही दोन वेगळी शास्त्रं नाहीत, हे त्याच्या आयुष्यावरून मला नेहमी जाणवतं.

आता खोट्या नाण्यांकडे वळू. त्यांची दोन घराणी आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. एक घराणं बाजारात खपवण्यासाठी, त्या त्या काळी, चालू नाण्याची नक्कल करणाऱ्यांचं. दुसरं संग्राहकाला फसवण्यासाठी जुन्याची नक्कल करणाऱ्यांचं.

पहिलं घराणं नाण्याइतकंच प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवर लक्षणाध्यक्ष आहे, नाणी पारखणारा रूपदर्शक आहे, आणि खोटी नाणी पाडणारा कूटरूपकारकही आहे. खोटं नाणं पाडणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला हजार पणांचा दंड, आणि ते राजाच्या कोशात घालणाऱ्याला देहान्त. असा माणूस हेरांनी ओळखायचा कसा, हेही कौटिल्य सांगतो. वारंवार धातू, क्षार, कोळसा, भाते, सांडशी, मुशी विकत घेणारा, हात आणि कपडे काजळीने नि राखेने माखलेला. हेराने त्याच्याकडे शिकाऊ म्हणून राहायचं आणि मग त्याला उघडं पाडायचं. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर वाचताना आजच्या छाप्याच्या बातम्या आठवतात.

या घराण्याचं सर्वांत मोठं पर्व मुहम्मद तुघलकाच्या काळातलं, आणि त्याचा एक धागा आपल्या दौलताबादेपर्यंत येतो. १३२९-३० च्या सुमारास त्याने चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी तितक्याच किमतीची म्हणून चालू केली. त्यांतली काही दौलताबादच्या टांकसाळीत पाडलेली आहेत. कल्पना काळाच्या पुढची होती. पण ही नाणी पाडायला विशेष कसब लागत नव्हतं, आणि नकलेला आळा घालणारी कुठलीच व्यवस्था नव्हती. घराघरांत टांकसाळ निघाली, असं बरनी हा त्या काळचा इतिहासकार लिहितो. लोकांनी सारा या नाण्यांत भरला आणि चांदी घरात दडवली. दोन-तीन वर्षांत सुलतानाला ती मागे घ्यावी लागली, आणि आणून देणाऱ्यांना खजिन्यातून चांदी-सोनं मोजावं लागलं. आज त्या काळचं पितळी नाणं हातात आलं, तर ते सुलतानाच्या टांकसाळीतलं की एखाद्या सोनाराच्या माजघरातलं, हे दर वेळी सांगता येत नाही. पारख करणाऱ्याने ‘सांगता येत नाही’ असं स्पष्ट म्हणण्याची ती जागा आहे.

अशा समकालीन खोट्या नाण्यांना मी संग्रहातून हाकलणार नाही. ती त्यांच्या काळाची खरी साक्ष आहेत. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली रोमन नाणी घ्या किंवा ब्रिटिश काळातले शिशाचे रुपये घ्या, कुठल्या काळी लोकांना कुठलं नाणं हवंसं होतं आणि सरकारी व्यवस्था कुठे ढिली पडली होती, ते त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही.

दुसरं घराणं नव्या काळातलं. युरोपात प्रबोधनकाळात रोमन नाणी जमवण्याची आवड वाढली आणि तिच्या पाठोपाठ ती बनवणारेही आले. पादुआ शहरातल्या जोव्हानी कॅव्हिनो याने सोळाव्या शतकात रोमन सम्राटांच्या नाण्यांच्या धर्तीवर इतके सुंदर ठसे कोरले की त्याच्या पदकांना आज स्वतंत्र मान आहे. त्याचा हेतू फसवण्याचा होताच, असं म्हणता येत नाही. जर्मनीतल्या कार्ल विल्हेल्म बेकरबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही. १८३० मध्ये वारलेल्या या माणसाने ग्रीक आणि रोमन नाण्यांचे शेकडो ठसे स्वतः कोरले. नवी कोरी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसात घालून डबा घोडागाडीच्या आसाशी बांधायचा आणि रस्त्यावर फिरवून आणायचा. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत, त्यामुळे त्याची नाणी पकडता येतात. बहुतेक नकलाकारांचे ठसे असे कुठेच जपलेले नाहीत.

महाराष्ट्रात या घराण्याचं लक्ष कुठे असणार हे उघड आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी आपल्या नावाने नाणं पाडलं. तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. फारसीच्या त्या काळात देवनागरी अक्षरांत स्वतःचं नाव घातलेलं हे नाणं म्हणजे सार्वभौमत्वाची घोषणा होती. शिवराई पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही इतका काळ चालली की अगणित ठशांतून, अगणित हातांतून, तिची अक्षरं बदलत गेली. संतचरित्रांचे इंग्रजी अनुवाद करणारे मिशनरी जस्टिन अॅबट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो शिवराया गोळा करून या भेदांचा अभ्यास केला. शिवराई आजही जुन्या बाजारात सहज मिळते. तिची नक्कल करणं परवडत नाही, त्यामुळे नवख्याने तिथूनच सुरुवात करावी, असं मी आग्रहाने सांगतो.

होनाची गोष्ट उलटी. जेमतेम पावणेतीन ग्रॅमचं हे नाणं अत्यंत दुर्मीळ आहे, आणि प्रत्येक मराठी संग्राहकाच्या मनात त्याची आस आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की नकलाकाराला तिसऱ्या कशाची गरज पडत नाही. रायगडाच्या पायथ्याशी किंवा दुकानांत स्मृतिचिन्ह म्हणून मिळणाऱ्या प्रतिकृतींबद्दल माझी तक्रार नाही. लहान मुलाच्या तळहातावर होन ठेवता यावा, ही इच्छा चांगलीच आहे. मात्र अशा प्रतिकृतीवर ‘प्रतिकृती’ असं कोरलेलं असावं. अमेरिकेत १९७३ पासून नाण्यांच्या नकलांवर तशी खूण करणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे ती सवय नाही, आणि आज पाचशे रुपयांना घेतलेली प्रतिकृती वीस वर्षांनी एखाद्या घरातून ‘वंशपरंपरागत’ म्हणून बाहेर येते. घरच्यांचा त्यात कपटभाव नसतो. त्यांना खरोखरच तसं वाटत असतं. म्हणून कुणी सोन्याचा होन समोर ठेवला, तर घराण्याची हकीकत आदराने ऐकावी आणि मग वजन करून, ज्यांच्या अस्सलपणाबद्दल वाद नाही अशा होनांच्या छायाचित्रांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावं.

पारखण्याच्या रीती पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. इथे फक्त त्यांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट सांगतो. यंत्र येण्यापूर्वीचं जवळजवळ प्रत्येक नाणं हाताने पाडलेलं आहे. कारागिराने चकती ऐरणीवरच्या ठशावर ठेवली, वरून दुसरा ठसा धरला आणि हातोडा मारला. चकती दर वेळी थोडी वेगळी कापलेली, घाव थोडा वेगळ्या कोनात बसलेला, कडेची चीर वेगळ्या जागी गेलेली. आहत नाण्यांत तर प्रत्येक चिन्ह स्वतंत्र ठोकलेलं असतं. तेव्हा अशी दोन नाणी अगदी सारखी असूच शकत नाहीत. ज्या क्षणी तुम्हाला तीच चीर, तोच खळगा, तीच बाजूला सरकलेली छाप असलेलं दुसरं नाणं दिसतं, त्या क्षणी समजावं की दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत, किंवा एक दुसऱ्याची आई आहे. ओतीव नाण्यावर भिंगातून बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर आणि थकलेल्या वाटतात, कडेवर साच्याची शिवण किंवा ती घासून काढल्याच्या कानशीच्या रेघा सापडतात. अर्थात प्राचीन भारतात तांब्याची काही नाणी मुळातच ओतून बनवत असत. ओतीव दिसलं की खोटं, असा सरधोपट नियम करून चालणार नाही. नाणं कुठल्या काळाचं आणि त्या काळाची रीत कोणती, हे आधी कळायला हवं.

यंत्राच्या काळात डाव बदलतो. तिथे सगळी नाणी सारखीच असायची, म्हणून नकलाकार दुर्मीळ सालाच्या मागे लागतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया फार थोड्या संख्येने आढळतो. १९३८ चा मात्र सहज मिळतो. दोघांत चांदी तीच, ९१.७ टक्के, आणि कडही तीच, साधी दातेरी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि नकलेला आळा बसावा म्हणून कडेत खास खाच आली, म्हणून नकलाकाराला पुढची सालं उपयोगाची नाहीत. तो १९३८ घेतो आणि आठाचा नऊ करतो. वजन बरोबर, चांदी बरोबर, चेहरा बरोबर, आवाजही खणखणीत. खोटा आहे तो केवळ एक आकडा. तेव्हा १९३९ चा रुपया पाहताना राजाकडे पाहू नका. शेवटच्या आकड्याच्या पोटात आणि आजूबाजूच्या सपाट जागेत धातू खरवडल्याच्या खुणा आहेत का, तेवढं पाहा.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी सर्वांना यावी असं वाटतं. शतांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. त्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून, तळाला न लावता, पाण्यात पूर्ण बुडवा. काटा जे दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदीला उत्तर साडेदहा येतं, ब्रिटिश काळातल्या ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयाला त्याहून थोडं कमी. जर्मन सिल्व्हरच्या नकलेला ते नऊच्या आत येतं. नाण्याला ओरखडा पडत नाही, अॅसिड लागत नाही.

खोट्याच्या भीतीने खऱ्याला खोटं ठरवण्याचाही एक रोग आहे. दहा रुपयांच्या नाण्यावर दहा रेघा असल्या तर खरं आणि पंधरा असल्या तर खोटं, अशी अफवा कित्येक वर्षं चालली. दुकानदार नाणी परत करत, बसचे वाहक घेत नसत. शेवटी रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं की तोवर काढलेल्या दहाच्या नाण्यांचे चौदा नमुने आहेत आणि सगळेच चलनात ग्राह्य आहेत. संग्राहकांतही हा रोग दिसतो. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुन्हा पाडलेली नाणी हातात पडली, की काहीजण ती बनावट म्हणून बाजूला टाकतात. ती सरकारी टांकसाळीचीच आहेत, फक्त त्यांवरच्या सालातली नाहीत. त्यांना त्यांच्या नावाने ओळखावं आणि त्यांच्या भावाने घ्यावं.

आणखी एका गोष्टीबद्दल मला मोकळेपणाने बोलायचं आहे. बनावट नाणं विकणाऱ्याची आवडती कथा एकच असते : शेत नांगरताना मडकं निघालं, कुणाला सांगू नका. ही कथा इतकी चालते, कारण खरे साठेही असेच गुपचूप विकले जातात. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. शेतकऱ्याला वाटतं की हाती आलेलं जाईल आणि वर चौकशी मागे लागेल. मग मडकं रातोरात सोनाराकडे जातं, निम्मी नाणी मुशीत वितळतात, उरलेली पाच शहरांतल्या पाच जणांकडे पांगतात. कुठे सापडली, कशासोबत सापडली, किती होती, ही माहिती कायमची पुसली जाते. जोगलटेंभीचं असं झालं असतं तर गौतमीपुत्राचा तो पराक्रम आपण केवळ त्याच्या आईच्या शब्दांवर मानत बसलो असतो. खऱ्या साठ्यांची नोंद नसली की खोट्या नाण्यांना मोकळं रान मिळतं. ज्या संग्राहकाला बनावट नाण्यांचा राग येतो आणि तरी ‘कुठून आलं’ हे न विचारता मडक्यातली नाणी घ्यायला जो तयार असतो, त्याने या दोन्हींचा संबंध लक्षात घ्यावा.

बनावट निघालेल्या नाण्याचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येकापुढे कधी ना कधी येतो. ते पुढच्याच्या गळ्यात मारणं हा गुन्हा आहे, मग ते ‘जसं आहे तसं’ म्हणून विकलं तरी. फेकूनही देऊ नये. त्याच्या पाकिटावर ‘बनावट’ असं ठळक लिहावं, ते कुठून आणि कितीला घेतलं हे नोंदवावं, खोटेपणा कशावरून कळला हे दोन ओळींत लिहावं, आणि त्याच जातीच्या खऱ्या नाण्याशेजारी ठेवावं. अशी पाकिटं मंडळांच्या बैठकांत फिरली पाहिजेत. आपल्या संग्राहकांत अस्सल नाणी दाखवण्याचा उत्साह भरपूर आहे, खोटी दाखवण्याचा संकोचही तितकाच. त्या संकोचाचा फायदा फक्त विकणाऱ्याला होतो.

पुस्तक वाचून पारख येत नाही, ती हाताला आणि डोळ्याला लागणाऱ्या सवयीतून येते. म्हणून पहिलं प्रकरण उघडण्याआधी खरी नाणी पाहून या. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभं केलेलं. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मुद्रा संग्रहालय आहे, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन. काचेमागची नाणी हातात घेता येत नाहीत, तेवढ्यासाठी पुण्याच्या जुन्या बाजारात एखाद्या रविवारी जा आणि झिजलेल्या पाच-दहा शिवराया घ्या. त्या धुऊ नका, घासू नका, चिंच तर अजिबात लावू नका. एकेकीचं वजन वहीत लिहा, कड पाहा, अक्षरं कुठे तुटली आहेत ते पाहा. दुसऱ्या प्रकरणात या शिवराया समोर ठेवूनच बोलणार आहे.